खाजणाच्या बाजूने एक हात कमी

एक मेच्या ग्रामसभेत, करंजवेळच्या समाजमंदिरात बसलेल्या जवळजवळ सगळ्यांनी खाजणावर, म्हणजे खाडीकाठच्या तिवरांच्या दलदलीत, येणाऱ्या सौर प्रकल्पाच्या विरोधात हात वर केले. ठराव झाला, माणसं उठायला लागली, कुणी चपला शोधत बाहेरही गेलं. तेवढ्यात सरपंचांनी नुसती रीत पाळायची म्हणून विचारलं, "प्रकल्प पायजे असं म्हननारा कोन हाय काय?" आणि बायकांच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेल्या केसरने हात वर केला.

"अगो, ठराव झाला. हात खाली घे," शेजारची कमळ हलकेच म्हणाली. तिला वाटलं, केसरचा गोंधळ झाला.

केसरने हात खाली घेतला नाही. ती फरशीकडे बघत राहिली, कारण समोर बघितलं असतं तर विनेश दिसला असता. माईक अजून त्याच्याच हातात होता. थोड्या वेळापूर्वी तिचा हा मुलगा असा बोलला होता की म्हाताऱ्या माणसांनी माना डोलावल्या होत्या. "खाजण हाय म्हनून खाडीत मासा हाय," तो म्हणाला होता. "कोलंबीची पिल्लं हितं वाढतात, चिंबोरी हितं बिळं करते. आपल्या बायका वव्हाटीला पानी उतरला की हितंच तिसऱ्या काढतात. ही लोकं तिवरं कापनार, चिखलात खांब रोवनार, वरून काचेचं छप्पर टाकनार. खाली ऊन पडला न्हाय तर जगनार काय? नाव हिरवी वीज, आनि हिरवं तेवढं कापनार."

यातलं एकही वाक्य केसरला खोटं वाटलं नव्हतं. त्या चिखलात ती लग्न होऊन आल्यापासून गुडघाभर उतरत होती. कुठल्या भागात पाय रुततो आणि कुठं तिसरीची शिंपली सापडते, हे तिच्या तळव्यांना पाठ होतं.

पण कंपनीचा माणूस कमलेश मागच्या महिन्यात गावात येऊन गेला होता, आणि त्याचं एक वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं. बॅटऱ्यांचं घर किनाऱ्यावरच असेल, तो म्हणाला होता, आणि गावाची लाईन जमिनीखालून नेऊ. वारा आला, खांब पडले, तरी तुमच्या घरातली वीज जाणार नाही.

"वयनी, कनाला?" बर्फाच्या कारखान्याचा गुणाजी मागून म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. प्रकल्पाच्या विरोधात गावात सगळ्यांत आधी उभा राहिलेला माणूस तोच.

"माझ्या घरात मानूस लाईटीवर जगतो," केसर म्हणाली.

विनेशने माईक टेबलावर ठेवला आणि तो तिच्याजवळून बाहेर निघून गेला.

चंदर, केसरचा नवरा, उभं आयुष्य मासेमारीच्या बोटींवर इंजिन ड्रायव्हर होता. बाकीचे खलाशी वर वाऱ्यावर असायचे, तो खाली इंजिनाशी. अलिबागच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून त्याला विचारलं होतं, बिडी किती ओढायचात? तो म्हणाला, कधीच नाही. मग छातीत एवढं काळं कसलं? चंदर म्हणाला, "इंजिनाचं असंल." आता तो ओटीवर खाटेवर असायचा, नाकाला नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन. मशीन दिवसरात्र घुरघुरायचं आणि ते थांबलं की थोड्याच वेळात त्याची नखं निळी पडायला लागायची.

करंजवेळ रेवसच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. वीज येते ती लांबून, झाडांमधून, आणि जरा वारा सुटला की जाते. म्हणून मुलीने, ऋतिकाने, घराच्या कौलांवर चार सोलर पॅनेल बसवून दिली होती आणि आत दोन मोठ्या बॅटऱ्या. ती नवी मुंबईत छतांवर सोलर बसवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होती. खाजणावर येणारी कंपनी वेगळी. खाऱ्या वाऱ्याने पॅनेलच्या चौकटी गंजल्या. बॅटऱ्या एकदा मेल्या, त्या बदलल्या. जुन्या न्यायला कुणी येईना, म्हणून त्या मागच्या दारी पडल्या. त्यांच्यातून गळलेल्या पाण्याने तिथलं अळू करपलं आणि पुन्हा उगवलं नाही. तरी तासा-दोन तासांची वीज गेली तर त्या बॅटऱ्यांवर निभत होतं.

ग्रामसभेहून केसर घरी आली तेव्हा चंदरला बातमी कळलेली होती.

"तू हात वर केलास?" त्याने विचारलं.

"व्हय."

तो दम घेत बोलायचा, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य तोडून तोडून यायचं. "मना इचारायचा तरी."

"तुमी न्हायच बोलला असता."

"न्हायच बोलला असता." मशीन घुरघुरत राहिलं. "मी किती पुरनार, केसर? खाजण पोरांना लागंल."

ती चुलीपाशी गेली आणि तांदूळ धुवायला लागली. धुता धुता तिच्या लक्षात आलं की पाणी केव्हाच स्वच्छ झालंय आणि ती अजून धुतेच आहे.

विनेश अंगणापलीकडच्या खोलीत राहायचा. त्या दिवसापासून तो ओटीवर यायचा, बापाजवळ बसायचा, मशीनची जाळी झाडायचा, पण आईशी बोलायचा नाही. खाजणात बायका तिच्यापासून दोन हात लांबून तिसऱ्या काढायच्या. वाईट कुणी बोललं नाही. नुसतं कुणी हाक मारेना.

मे संपत आला आणि समुद्रात वादळ तयार होतंय असं सांगणं सुरू झालं. बोटी खाडीत आत ओढून बांधल्या. तसंही पावसाळ्यातली मासेमारीबंदी तोंडावर होती. वादळ किनाऱ्यावर आलंच नाही, बाहेरून वर सरकलं. पण जाता जाता त्याने जो वारा घातला, त्यात रेवसच्या रस्त्यावरची झाडं आडवी झाली आणि विजेचे खांब एकामागून एक वाकले. संध्याकाळी दिवे गेले. मशीन आपोआप बॅटरीवर गेलं. केसरने घरातला पंखा, दिवा, सगळं बंद केलं आणि रात्रभर मशीनच्या हिरव्या टिपक्याकडे बघत बसली.

सकाळी आभाळ असं भरलेलं होतं की ओटीवर माणूस ओळखू येईना. पॅनेलमधून बॅटरीत काही येत नव्हतं. दुपारच्या आधी मशीनने शिट्टी मारली आणि ते थांबलं.

घरात एक छोटा सिलिंडर होता. केसरने त्याला नळी जोडली. सिलिंडर किती वेळ पुरेल ते तिला माहीत होतं, आणि तेवढ्यात वीज येणार नाही हेही माहीत होतं. फोनला रेंज नव्हती. ती दारात आली आणि विनेशच्या खोलीकडे तोंड करून उभी राहिली. महिनाभर जो बोलला नाही त्याला हाक कशी मारायची, हे तिला क्षणभर सुचेना.

हाक मारावी लागली नाही. शिट्टी त्यानेही ऐकली होती. तो भिजतच आला, सिलिंडरचा काटा बघितला आणि म्हणाला, "दवाखान्यात पन लाईट न्हाय. गुणाजीदादाचा जनरेटर हाय."

प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांनी चंदरला उचललं. पुढून विनेश, मागून शेजारचा एक, दुसऱ्याच्या डोक्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं मशीन, केसर बाजूने सिलिंडर छातीशी धरून. वाटेत पोफळी पडलेल्या. प्रत्येक पोफळीपाशी खुर्ची खाली ठेवायची, वाट बघायची, पुन्हा उचलायची. चंदरने डोळे मिटून घेतले होते. त्याचे ओठ जांभळे दिसत होते, की ते पावसामुळे, ते केसरला कळत नव्हतं.

बर्फाच्या कारखान्यात जनरेटर धडधडत होता. गुणाजीने खुर्ची बघितली आणि काही न विचारता मशीनची पिन लावायला जागा करून दिली. मशीन सुरू झालं. बोटाला लावायच्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा हळूहळू वर चढला आणि केसर तिथंच ओल्या लादीवर बसली.

थोड्या वेळाने कारखान्यातला आवाज एकदम कमी झाला. गुणाजीने बर्फाचे कॉम्प्रेसर बंद केले होते.

"दादा, तुमचा बर्फ," केसर म्हणाली.

"डिझेल उद्या दुपारपतुर पुरंल असा हाय. बर्फ चालवला तर तेवढाही न्हाय." तो इंजिनाकडे बघत होता. "तसाही आता बोटी बंद. बर्फ कोन नेनार."

हे खरं नव्हतं, कारण सगळा बर्फ थळच्या बाजारात जायचा होता. रात्रभर कारखान्याच्या उतारावरून पाण्याची धार नाल्याकडे वाहत राहिली.

घरचा फोन लागेना म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ऋतिका आली. अलिबागपर्यंत एसटी होती, पुढं कुणाच्या तरी मोटारसायकलवर, आणि शेवटी पडलेल्या झाडांवरून चालत. तिच्या पाठीवर सॅकमध्ये एक सिलिंडर होता. तो उतरवल्यावर तिच्या खांद्यांवर पट्ट्यांचे लाल वळ दिसले. ती बापाच्या पायाशी बसली आणि त्याच्या नखांना हात लावून बघितला.

भांडण केव्हा सुरू झालं, ते केसरला नंतर कधी आठवलं नाही. बहुतेक विनेशच म्हणाला, "तुझ्या सोलरनी काय केला? आभाळ भरला नि बंद."

"दादा, चार पॅनेल आहेत. दोन-तीन तासांसाठी बसवली होती. वादळासाठी नव्हती."

"मंग वादलासाठी किती पायजेत? खाजणाएवढी?"

"खाजणावरच लावा असं मी कधी म्हटलं?" ऋतिका थकलेल्या आवाजात म्हणाली. "छतं आहेत, गोदामं आहेत. आत पडीक माळ आहेत."

"हायत. पन लावतात कुठं? जिथं सातबाऱ्यावर आपला नाव न्हाय तिथं. माळाला मालक हाय, त्याला इचारावा लागतो. खाजणाला कोन? तिथं नुसत्या बायका चिखलात."

"ते चूकच आहे. पण म्हणून डिझेल बरोबर ठरतं का? हे वादळ बघ. आपण लहान असताना मे महिन्यात दर दोन वर्षांनी असं यायचं? बांगड्याच्या मासेमारीला तू आता समुद्रात किती आत जातोस? जितका आत जाशील तितकं डिझेल जास्त. आणि बाबांच्या छातीत काय भरलंय, दादा? ते कशाचं आहे?"

"म्हाईत हाय कशाचा ते." विनेशने जनरेटरकडे बोट केलं. "आनि आता त्याच डिझेलवर तो जगतोय. तुझ्या बॅटऱ्या मागल्या दारी कुजतायत. त्या कोन नेनार ते आदी सांग. उद्या खाजणात हजार बॅटऱ्या मरतील, त्या कुठं टाकनार?"

ऋतिका सॅकच्या पट्ट्या गुंडाळायला लागली. तिच्या कंपनीत याच प्रश्नावर ती बोलून बोलून दमली होती, आणि तिथंही लोक विषय बदलायचे.

"दोगं गप ऱ्हावा," केसर म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "दोगं खरा बोलताव. आता बापाकडं बघा."

चंदर त्यांच्याकडेच बघत होता. त्याने नळी जराशी बाजूला केली. "बाहेर जाऊन भांडा," तो म्हणाला. "मना खाडी ऐकू येत न्हाय." आणि तो हसला, पण हसताना खोकला आला आणि तो खोकला थांबायला फार वेळ लागला.

दुपारी डिझेल संपत आलं. विनेश कॅन घेऊन खाडीवर गेला. रस्ता अजून बंद होता, पंप लांब. बांधून ठेवलेल्या बोटींच्या टाक्यांत मात्र उरलंसुरलं डिझेल होतं. तो परत आला तेव्हा त्याच्या मागून माणसं येत होती, प्रत्येकाच्या हातात कॅन, कुणाकडे रॉकेलचा जुना डबा. ग्रामसभेत हात वर केलेली तीच माणसं. कमळचा नवरा होता. कमळचा दीर होता. त्यांनी डिझेल ओतलं, चंदरकडे एकदा बघितलं आणि ते पुन्हा पावसात गेले. केसरने कुणाचे आभार मानले नाहीत. ती रिकामे कॅन दारापाशी लावून ठेवत राहिली.

मग वारा फिरला. आतापर्यंत जनरेटरचा धूर दारातून बाहेर जात होता, तो आता उलटा आत यायला लागला. कारखान्याला खिडक्या नव्हत्या. गारवा धरून ठेवायला बांधलेली जागा ती. बोटाच्या यंत्रावरचा आकडा खाली सरकला. ऋतिकाने मशीन वाढवलं, तरी सरकला.

"बंद करा जनरेटर," ऋतिका म्हणाली.

"बंद केला तर मशीन बंद," गुणाजी म्हणाला. "तुझा सिलिंडर किती तास चालंल?"

"दोन तास. फार तर."

"नि मंग?"

जनरेटर पायाला बोल्ट मारून बसवलेला, हलवता येईना. बाहेर पावसात चंदरला ठेवता येईना. रस्ता मोकळा झाला की चंदरला अलिबागच्या दवाखान्यापर्यंत नेताना सिलिंडर लागणार होता, तो आता वापरून चालणार नव्हता. विनेश आणि गुणाजी पत्र्याचा पाईप शोधून धुराड्याला जोडायला लागले. तो तापून हाताला लागत होता, ओल्या गोणपाटात धरून त्यांनी तो दाराबाहेर काढला. पण वारा दारातूनच आत लोटत होता.

केसरने कोपऱ्यातली ताडपत्री उचलली आणि दारात उभी राहिली. एका टोकाला ती, दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. ताडपत्री शिडासारखी फुगली आणि तिला मागं ढकलायला लागली. तेव्हा बाहेरून कमळ आली आणि तिने दुसरं टोक धरलं. मग आणखी दोघी आल्या. वाऱ्याकडे पाठ करून, डोक्यावरून पाणी निथळत, त्या अंधारून येईपर्यंत उभ्या राहिल्या. केसरच्या मनगटात कळा येत होत्या आणि डोळ्यांत धूर जात होता. मागून मशीनची घुरघुर ऐकू येत होती. ती ऐकू येतेय तोवर ठीक आहे, एवढंच ती स्वतःला सांगत होती. दुसरं काही मनात आलं की ती ते बाजूला सारायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी झाडं तोडून रस्ता मोकळा केला आणि रुग्णवाहिका आली. चंदरला अलिबागला नेलं. तिथं वीज होती, भिंतीतून येणारा ऑक्सिजन होता, सगळं होतं. आठवड्याभराने तो गेला.

केसरने डॉक्टरांना एकच विचारलं. धुरानं गेला काय? डॉक्टर तरुण होता, खरं बोलणारा होता. तो म्हणाला, सांगता येत नाही, आजी. धूर गेलाच असेल. पण मशीन थांबलं असतं तर ते आधीच गेले असते.

हे उत्तर घेऊन ती घरी आली. रात्री पडल्यापडल्या ती ते उलटंसुलटं करून बघायची. धुरानं जगवला. धुरानं मारला. जमिनीखालची लाईन असती तर. खाजण देऊन लाईन आली असती आणि चंदर जगला असता, तर रोज सकाळी त्या काचांकडे तो कसा बघणार होता? पुढचा विचार तिला झेपायचा नाही. ती उठून बसायची.

दिवाळीच्या आधी प्रकल्पाची जनसुनावणी ठरली. कमलेश घरी आला. चांगला मुलगा होता, खरंच वाईट वाटल्यासारखा बसला. "मावशी, तुमचा अनुभव लोकांपुढे यायला हवा," तो म्हणाला. "तुम्ही एकट्या पहिल्यापासून आमच्या बाजूने होतात."

"मी चंदरच्या बाजूनी व्हती," केसर म्हणाली.

तो गेल्यावर विनेश पहिल्यांदा तिच्याशी या विषयावर बोलला. "आये, तू जाऊ नको. तुझ्या तोंडून ते आपला काम करून घेतील."

फोनवर ऋतिका म्हणाली, "जा. पण त्यांना हवं तेच बोलू नकोस."

ती गेली. शाळेच्या मैदानात मांडव होता, पुढं टेबलामागं अधिकारी, एका बाजूला कंपनीची माणसं आणि दुसऱ्या बाजूला गाव. तिचं नाव पुकारलं. माईक तोंडापासून किती लांब धरायचा ते तिला कळेना, म्हणून पहिली काही वाक्यं कुणालाच ऐकू गेली नाहीत.

"माझा घरवाला डिझेलच्या धुरानी आजारी पडला," ती म्हणाली. "म्हनून मना हिरवी वीज पायजे. माझ्या पोरीला पायजे त्यापेक्षा मना ती जास्त पायजे. पन खाजण कापून नको. तिथं खांब रोवलं तर माझ्या पोराच्या जाल्यात काय येल? तो अजून लांब जाईल, अजून डिझेल जालंल, नि त्याच्या छातीत पन तेच भरंल. मंग त्याच्यासाठी अजून वीज लागंल. ती कुठल्या खाजणावर करनार?"

तिला आणखी सांगायचं होतं, बॅटऱ्यांचं, अळूचं, गुणाजीच्या बर्फाचं. पण शब्द जुळेनात.

"गावातल्या दवाखान्यावर पॅनेल लावा," ती शेवटी म्हणाली. "मोठ्या बॅटऱ्या ठेवा. मेल्या की कोन नेनार त्याचा नाव लिवून द्या. वादलात ज्याचा मशीन बंद पडंल त्याला तिथं नेता आला पायजे. ह्ये आदी करा. खाजणाचा मंग बोला."

गावातून टाळ्या वाजल्या नाहीत, कंपनीकडूनही नाहीत. टेबलामागच्या अधिकाऱ्याने पेन थांबवून विचारलं, "आजी, म्हणजे समर्थन धरायचं की विरोध?"

"दोनी लिवा."

"दोन्ही लिहिता येत नाही."

"पन दोनी हाय."

अधिकारी सौजन्याने हसला आणि त्याने काहीतरी लिहिलं. सुनावणीसाठी नवी मुंबईहून आलेल्या, बाजूला बसलेल्या ऋतिकाने मान उंच करून ते वाचलं. परतताना केसरने विचारलं, काय लिवला? तटस्थ, ऋतिका म्हणाली. म्हंजे काय? म्हणजे कुणाच्याच बाजूचं नाही.

"तसा मी कवा बोलली?" केसर म्हणाली, आणि पुढं चालायला लागली.

प्रकल्पाला परवानगी मिळाली. वरच्या अंगाच्या खाजणावर आधी, खालच्या अंगाचं नंतर बघू. तारेचं कुंपण घालायला माणसं आली तेव्हा बायका चिखलात जाऊन बसल्या आणि केसर त्यांच्यात बसली. दवाखान्याच्या पॅनेलचा प्रस्ताव अलिबागला कुठल्यातरी टेबलावर होता. दर आठवड्याला ती एसटीने जायची, कारकुनासमोर बाकावर बसायची, तो म्हणायचा पुढच्या सोमवारी या. तिथून ती कंपनीच्या कार्यालयातही जायची आणि कमलेशला तेच विचारायची. गावात लोक हसायचे. सकाळी कंपनीच्या वाटेत आडवी, दुपारी कंपनीच्या दारात उभी. विनेशही एकदा वैतागून म्हणाला, "आये, एक काय ते कर."

"एकानी भागला असता तर एकच केला असता," ती म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीतला सदा, तोही इंजिन ड्रायव्हरच, जिना चढताना धाप लागून मध्येच बसायला लागला. अलिबागहून मशीन आलं. सदाची बायको हेतल दुपारी केसरकडे आली. नळी कशी धुवायची, आकडा कितीवर आला की घाबरायचं, रात्री कूस कशी बदलायची, ती सगळं विचारत होती आणि केसर सांगत होती. सांगता सांगता तिचा आवाज जरा सुटा झाला होता. निदान एवढं तरी तिला येत होतं.

मग हेतलने विचारलं, "नि वयनी, लाईट गेली का काय करायचा?"

बाहेर वारा नव्हता. खाडीवर ऊन पडलं होतं. केसरने दाराबाहेर बघितलं. कुंपणापलीकडे खाजणात यंत्रं चालू होती, त्यांचा आवाज घरापर्यंत येत होता.

"मना म्हाईत न्हाय," ती म्हणाली. "पन गेली का पयली मना हाक मार."